नवीन घरात बोर आणि नळ एकाच लाइनीत घ्यावा का? प्लंबर 'घ्या' म्हणतोय

मांजराकाठ (लातूर)
सोमवार, रात्री ९.४०

राम राम मंडळी. घराचं काम चालू आहे. १२०० चौरस फुटांचा प्लॉट, सध्या तळमजलाच. स्लॅब होऊन महिना झाला, भिंतींना झऱ्या मारून झाल्यात आणि येत्या सोमवारी गिलाव्याचे लोक येणार. म्हणजे पाइपाचं काय ते या आठवड्यातच ठरवायचं, नंतर नुसती फोडाफोड.

प्लंबर आमच्याच गल्लीतला, हात चांगला आहे त्याचा. पण त्यानं सांगितलेली मांडणी मनाला पटेना. आमच्या भागात नळाला आठ दिवसांनी पाणी येतं आणि त्याला जोर नसतो. म्हणून तो म्हणतो, गेटापाशी नळाच्या लाइनीवरच अर्ध्या एचपीची मोटार बसवू आणि पाणी थेट गच्चीवरच्या टाकीत चढवू. बोरची लाइनही त्याच उभ्या पाइपाला 'टी' टाकून जोडू, मध्ये एक एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारी झडप. "दादा, सगळी गल्ली असंच करूलालीय, तुम्ही कायला इचार करूलालाव?"

अडचण अशी की नळजोडणीचा अर्ज देताना मी हमीपत्रावर सही केली आहे. मुख्य नळावर मोटार लावणार नाही, परवानगीशिवाय जोडणीत फेरफार करणार नाही, असं त्यात लिहिलंय. सही करून आठ दिवस झाले नाहीत तोवर ती मोडायची हे मला जमणार नाही. पण हे नियम कशासाठी आहेत तेही नीट कळायला हवं, म्हणजे प्लंबरला समजावून सांगता येईल.

२०१६ चा उन्हाळा आमच्या घरानं काढलाय. मांजरा धरण आटलं होतं आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या, ५ लाख लिटर. तेव्हा आई तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा वाया जाऊ द्यायची नाही. आता ती ७४ वर्षांची आहे आणि या नव्या घरात तीच सगळ्यात जास्त वेळ राहणार. पाण्यात तडजोड नको. जाणकारांनी सांगावं.

गोदाकाठची (नांदेड)
सोमवार, रात्री १०.१५

दादा, एका लाइनीत घेऊ नका, हात जोडून सांगते.

आम्ही भाड्याच्या घरात होतो तेव्हा घरमालकानं अगदी असंच जोडलं होतं. बोर अंगणात, संडासाच्या शोषखड्ड्यापासून दहा पावलांवर. ऐन श्रावणात माझ्या धाकट्याला कावीळ झाली, मग वरच्या मजल्यावरच्या दोघा भावंडांना. आम्ही पिण्याला फक्त नळाचं पाणी घ्यायचो, त्यामुळे बाहेर काही खाल्लं का, एवढंच एकमेकांना विचारत बसलो. शेवटी माझ्या दिरांनी एक गोष्ट करून पाहिली. रस्त्याकडची नळाची चावी बंद केली, बोरची मोटार चालू केली आणि स्वयंपाकघरातली पिण्याच्या पाण्याची तोटी उघडली. धो धो पाणी आलं. वर्षभर ज्या पाण्याला आम्ही नळाचं समजत होतो, ते निम्म्या वेळी बोरचं होतं.

मिस्त्रीला बोलावून एनआरव्ही खोलला. आत झडपेच्या कडेला क्षाराचा पांढरा थर धरला होता आणि त्यात वाटाण्याएवढा खडा अडकून बसलेला. झडप पूर्ण मिटतच नव्हती. पोरगं दीड महिना अंथरुणात होतं. भात आणि ताक सोडून काही पोटात ठरत नव्हतं.

पानामिस्त्री (परभणी)
मंगळवार, सकाळी ६.५०

सव्वीस वर्षं झाले हेच काम करायलोय. ताईंनी सांगितलं ते शंभर टक्के खरं हाय. आपल्याकडच्या बोरचं पाणी जड. गिझरची कॉइल दोन वर्षांत पांढरी होते, तिथं एनआरव्हीची झडप काय टिकणार? पहिल्या वर्षी तो काम करतो, नंतर नुसता लाइनीत बसलेला असतो.

खरं सांगतो, सुरुवातीला मीबी असे जोड मारलेत. गिऱ्हाईक म्हणायचं स्वस्तात कर, आपणबी करायचो. कुणी समजावून सांगितलं नव्हतं. आता गिऱ्हाईक ऐकत नसल तर काम सोडतो.

दादा, तुमच्या प्लंबरवर रागावू नका, पण त्याला नोंदणीचा परवाना हाय का ते विचारा. अर्जावर परवानाधारक प्लंबरची सही लागते. काही जण सही एकाची आणतात आणि काम दुसऱ्याकडून करून घेतात.

धरणावरचा माणूस (छत्रपती संभाजीनगर)
मंगळवार, सकाळी ११.०५

पाणीपुरवठ्याच्या कामात नोकरी झाली, आता निवृत्त आहे. मांजराकाठ, तुम्ही नियमामागचं कारण विचारलंत, त्यासाठी सविस्तर लिहितो.

राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ चा भाग ९ नळकामाचा आहे, आणि इमारतीतल्या पाणीपुरवठ्यासाठी आयएस २०६५ हे वेगळं भारतीय मानक आहे. दोन्हींचा आशय एकच: पिण्याच्या पाण्याची लाइन आणि दुसऱ्या कुठल्याही पाण्याची लाइन यांचा जोड असता कामा नये. मध्ये एनआरव्ही टाकला किंवा सील केलेला व्हॉल्व्ह टाकला म्हणून तो जोड चालतो असं समजायचं नाही, हेही तिथं स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे तुमच्या प्लंबरनं काढलेली पळवाट नियम लिहिणाऱ्यांना आधीच माहीत होती.

हे तुमच्या एका घरापुरतं नाही. बोरची मोटार चालू आहे, नळाला पाणी नाही, झडप अडकलेली आहे. अशा वेळी बोरचं पाणी तुमच्या जोडणीतून उलटं जाऊन रस्त्यावरच्या मुख्य नळात शिरतं आणि पुढच्या पाळीला शेजारच्यांच्या हंड्यात पडतं. मीटर उलटा फिरताना मी स्वतः पाहिला आहे.

आता मोटारीचं. जिथं चोवीस तास पाणी असतं तिथं नळ फुटला तर पाणी आतून बाहेर गळतं. आपल्याकडं आठ दिवसांतले दोन तास ते आतून बाहेर गळतं आणि उरलेले दिवस बाहेरचं आत झिरपतं. रिकामा नळ नालीशेजारी पुरलेला असतो, सांध्याला केसाएवढी फट पुरते. त्यात पाणी सुटल्यावर दहा घरांनी मोटारी लावल्या की नळातला दाब हवेच्या दाबापेक्षाही खाली जातो, आणि पाणी चालू असतानाही नालीतलं आत ओढलं जातं. म्हणून मी म्हणतो, हे नियम पुण्या-मुंबईपेक्षा मराठवाड्यात जास्त कडकपणे पाळायला हवेत. पाणी जितकं कमी दिवस येतं तितका नळ जास्त दिवस रिकामा असतो.

महानगरपालिकांचा १९४९ चा अधिनियम आणि नगरपरिषदांचा १९६५ चा, दोन्हींखाली विनापरवानगी जोडणीवर कारवाई होते आणि पुरवठा तोडता येतो. पण दंडाच्या भीतीनं नव्हे, वर ताईंनी लिहिलंय त्या कारणासाठी पाळा.

जुनाजालना
मंगळवार, दुपारी १.३०

काकांनी लिहिलेलं पटतं. पण माझी अडचण ऐका. माझं घर गल्लीच्या शेवटी, चढावर. पाणी सुटलं की माझ्या आधीच्या सगळ्या घरांत मोटारी सुरू होतात. मी मोटार लावली नाही तर माझ्याकडं नुसती हवा येते, नळ फुसफुस करतो. मग टँकर मागवायचा, नाहीतर जारचं पाणी. पाणीपट्टी मी पण भरतो. नियम पाळणाऱ्यानं तहानलेलं राहायचं का? हे भांडणासाठी विचारत नाही, खरंच विचारतो.

धरणावरचा माणूस (छत्रपती संभाजीनगर)
मंगळवार, दुपारी ३.१०

तुमचा प्रश्न रास्त आहे. मोटार वापरूच नका असं नियम म्हणत नाही. मोटार नळावर नको, हौदावर चालते. रस्त्याच्या पातळीखाली हौद बांधा आणि नळाचं पाणी जेवढा दाब असेल तेवढ्या दाबानं त्यात पडू द्या. पहिल्या मजल्यावर पाणी चढायला साधारण ४-५ मीटरचा (म्हणजे पाणी तेवढं उंच चढवणारा) दाब लागतो, जमिनीखालच्या हौदात पडायला अर्धा मीटरही पुरतो. चढावरच्या घराला हा फरक फार मोठा आहे. हौदातून गच्चीवर मग हवी ती मोटार लावा.

फक्त नळाचं तोंड हौदाच्या काठाच्या आणि ओव्हरफ्लोच्या वर राहिलं पाहिजे, पाण्यात बुडता कामा नये. बुडालं की पाणी गेल्यावर तोच नळ हौदातलं पाणी मागे ओढतो. आपण पेट्रोल काढायला नळी तोंडानं ओढून सोडतो, तसंच.

दुधनाकाठचा शिक्षक (सेलू)
मंगळवार, सायंकाळी ७.२०

जुनाजालना यांच्यासाठी आमच्या गल्लीचा अनुभव. अकरा घरं. एका पाण्याच्या दिवशी सगळ्यांनी ठरवून मोटारी बंद ठेवल्या, आणि ज्येष्ठ बायकांनी दारोदार जाऊन तशी खात्री करून घेतली. शेवटच्या घरात, जिथं चार वर्षं मोटारीशिवाय थेंब आला नव्हता, तिथं गुडघ्याएवढ्या उंचीच्या तोटीला बारीक पण सलग धार लागली. पाणी जाईपर्यंत ती टिकली. दुसऱ्या पाळीला दोन घरांनी पुन्हा मोटारी लावल्या, तेही सांगतो. पण ती धार सगळ्यांनी पाहिली होती, त्यामुळे त्या दोन घरांना समजवायला फार शब्द लागले नाहीत.

पाण्यात उभं राहून ओल्या हातानं मोटारीची पिन लावताना माणसं शॉक लागून गेली आहेत. तेवढ्यासाठी तरी रस्त्यावरच्या मोटारी जाव्यात.

कयाधू (हिंगोली)
मंगळवार, रात्री ८.४५

शहराचं चाललंय, पण खेड्यातलंही लिहिते. मी आमच्या गावच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत आहे. जलजीवन मिशन २०१९ ला सुरू झालं. माणशी ५५ लिटर धरून दारोदार नळ द्यायचा ठरला. नळ आले, तोट्याही बसवल्या. पण दाब कमी म्हणून लोकांनी तोटी काढली, नळाचा उभा खांब (स्टँडपोस्ट) उखडला आणि दारात गुडघाभर खड्डा खणून नळ त्यात सोडला. खड्ड्यात वाटीनं पाणी भरायचं. पाणी गेलं की खड्ड्यात उरलेलं गढूळ पाणी, त्यात कोंबड्या पाय बुडवतात, सगळं त्याच नळातून परत लाइनीत जातं. वर काकांनी हौदात बुडालेल्या नळाचं सांगितलं, हा तोच प्रकार, फक्त गावभर.

आमचा जलसुरक्षक सकाळी ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यातल्या क्लोरीनची चाचणी घेतो. टाकीजवळच्या नळाला ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले की पाणी छान पिवळं होतं. खालच्या आळीत, जिथं खड्डे जास्त, तिथं त्याच दिवशी पाणी पांढरंच राहायचं, म्हणजे वाटेतली घाण मारण्यातच क्लोरीन संपून जायचं. शेवटच्या नळालाही लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहायला हवं. ती काचेची नळी आम्ही ग्रामसभेत सगळ्यांच्या हातात दिली. त्याच आठवड्यात सहा खड्डे बुजले. बाकीचे अजून बुजवायचे आहेत, मागे लागले आहे.

मांजराकाठ (लातूर)
मंगळवार, रात्री १०.००

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती एवढंच म्हणाली, "दोन पाइप टाक, मी माझ्या पेन्शनीतून देते."

तर ठरलं, लाइनी वेगळ्या. आता पुढचे प्रश्न. हौद केवढा बांधू? बोरचं पाणी कुठं वापरू? आणि पाइप कोणता? दुकानदार तीन प्रकार दाखवतोय.

धरणावरचा माणूस (छत्रपती संभाजीनगर)
बुधवार, सकाळी ९.३०

हिशेब सोपा आहे. शहरी घराला माणशी रोज १३५ लिटर धरतात. पाच माणसांचे ६७५ लिटर, आठ दिवसांचे ५४००. गच्चीवर १००० लिटरची टाकी असेल तर हौद साडेचार हजारांचा पुरे. २ मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि पाणी दीड मीटर उभं राहील एवढा खोल केला की ४५०० लिटर होतात. त्याच्या वर नळाच्या तोंडासाठी वीतभर मोकळी जागा ठेवा. फ्लश आणि कपडे धुण्याचा सगळा वापर बोरवर गेला तर ही साठवण पंधरवडाही जाईल.

म्हणून बोरला गच्चीवर स्वतंत्र टाकी द्या. तिचे पाइप फक्त फ्लश, कपडे धुण्याची जागा आणि अंगणातली तोटी इथं न्या. स्वयंपाकघर आणि वॉश बेसिन नळाच्या टाकीवर ठेवा.

हौद सेप्टिक टँकच्या दुसऱ्या टोकाला घ्या. झाकणाचा काठ फरशीपेक्षा वीतभर उंच ठेवा, नाहीतर पावसाचं अंगणातलं पाणी आत उतरतं. ओव्हरफ्लोचा पाइप ड्रेनेजच्या चेंबरला थेट जोडू नका. तो उघड्यावर सोडा, तोंडाला जाळी बांधा. बोर आणि शोषखड्डा यांच्यात १८ मीटर अंतर ठेवायचं असतं. तुमच्या प्लॉटवर ते बसणार नाही, त्यामुळे बोरचं पाणी पिऊ नका हे आणखी ठामपणे सांगतो.

पाऊसपाण्याचं पुनर्भरण राज्याच्या बांधकामाच्या एकत्रित नियमावलीनुसार ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटला बंधनकारक आहे. तुमचा १११ चौरस मीटरचा, म्हणजे सक्ती नाही. तरी करा. १००० चौरस फूट गच्चीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला की नऊ हजार लिटरच्या वर पाणी होतं. ते गाळून बोरशेजारच्या खड्ड्यात सोडा.

पानामिस्त्री (परभणी)
बुधवार, रात्री ८.१०

पाइपाचं मी सांगतो. रस्त्यापासून मीटरपर्यंत जसा मंजूर असल तसा. मुख्य नळाला भोक पाडायचं काम आपलं नाही, ते पालिकेचे लोक येऊन फेरूल (मुख्य नळावरचा जोडणीचा तुकडा) बसवून देतात. कुणी रात्रीतून जोडून देतो म्हणलं तरी ऐकू नका. घरातला पाइप थंड-गरम दोन्हीला सीपीव्हीसी घ्या, त्यावर आयएस १५७७८ छापलेलं असतं. यूपीव्हीसी फक्त थंड पाण्याला, त्यावर आयएस ४९८५. गिझरला यूपीव्हीसी जोडला तर सहा महिन्यांत मऊ पडून सांधा सोडतो. आणि दोन्हीचं सोल्व्हंट (सांध्याचा डिंक) वेगळं असतं, एकाचा डबा दुसऱ्याला वापरू देऊ नका. बोरच्या आणि नळाच्या पाइपाला वेगवेगळ्या रंगाचा पट्टा मारून ठेवा. दहा वर्षांनी दुसरा प्लंबर येईल, त्याला कसं कळणार?

रस्त्याकडून येणारा पाइप नालीतून किंवा चेंबरमधून कधीच आणू देऊ नका. हे सगळ्यात जास्त बघायला मिळतं. दोन वर्षांखाली एका घरी पाण्याला वास यायला लागला म्हणून उकरलं. अर्धा इंची जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप चेंबरच्या भिंतीतून आरपार घातलेला. सडून बोटानं तुकडा निघाला हो. आतून गंजाचा शेंदरी थर, त्यात नालीतलं केस-चिंधूक अडकलेलं. ते लोक तेच पाणी पीत होते. पाण्याचा पाइप नालीच्या वरून घ्यायचा, जागा नसलच तर वळसा घालायचा.

मीटर आडवा, बाण पाण्याच्या दिशेनं, दोन्हीकडं कॉक. गिलाव्याच्या आधी सगळ्या तोट्यांच्या जागी प्लग मारून हातपंपानं दाब देऊन रात्रभर ठेवा. सकाळी दाबाचा काटा उतरला तर गळका सांधा शोधा. गिलावेवाल्याला तोवर भिंतीला हात लावू देऊ नका.

जुनाजालना
बुधवार, रात्री ९.००

मिस्त्री, पाणी सुटायच्या आधी हवेनंच मीटर गरगर फिरतो. त्याला काही उपाय?

पानामिस्त्री (परभणी)
बुधवार, रात्री ९.२५

मीटरच्या आधी उभा पाइप घेऊन वर हवा सोडायचा व्हॉल्व्ह बसतो. पण मीटरच्या आधीचं काहीबी पालिकेला विचारल्याशिवाय करू नका, नाहीतर चोरीचा जोड समजतात. अर्ज द्या, ते सांगतील तसं.

धरणावरचा माणूस (छत्रपती संभाजीनगर)
बुधवार, रात्री १०.४०

हवेचा विषय निघाला म्हणून. आमच्या शहरात मलिक अंबरानं सतराव्या शतकात नहर-ए-अंबरी केली. हर्सूलकडचं पाणी मातीच्या नळांतून निव्वळ उतारावर शहरात आणलं आणि वाटेत ठिकठिकाणी हवा सोडायला, दाब सांभाळायला उंच बंबे उभारले. नळात अडकलेली हवा काय करते, हे त्या माणसाला चारशे वर्षांपूर्वी ठाऊक होतं. त्यातले काही बंबे अजून उभे आहेत. शहरात आलात तर जरूर पाहा.

मांजराकाठ (लातूर)
रविवार, सायंकाळी ६.१५

झालं एकदाचं, कळवायला आलो.

प्लंबरला मंगळवारचे प्रतिसाद वाचून दाखवले. तो आधी गप्प होता. मग म्हणाला, त्याच्या बहिणीच्या घरी त्यानंच तसा जोड मारलाय. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडं यायच्या आधी तो तिकडं जाऊन 'टी' कापून आला, तुकडा मला आणून दाखवला. परवाना नव्हता त्याच्याकडं. ज्यांचा आहे त्यांच्या हाताखाली आता माझं काम करतोय आणि स्वतःच्या नोंदणीचीही चौकशी करून आलाय.

बोरच्या लाइनीला निळा पट्टा, नळाच्या लाइनीला पांढरा. हौदाचं खोदकाम गेटाच्या उजव्या अंगाला, सेप्टिक टँक मागच्या कोपऱ्यात. काल रात्री दाब देऊन ठेवला होता, सकाळी काटा थोडा उतरलेला. मोरीतल्या एका एल्बोला (वळणाच्या जोडाला) पाझर होता, तो कापून नवीन टाकला. आज रात्री पुन्हा दाब देऊन ठेवतोय. गिलावा दोन दिवस पुढं ढकलला.

एकच विचारायचं राहिलं. हौद आणि टाकी पहिल्यांदा भरताना धुऊन घ्यायची का, आणि कशानं?

धरणावरचा माणूस (छत्रपती संभाजीनगर)
रविवार, रात्री ८.००

हो, नक्की. आधी घासून, चोळून धुवा. मग पाणी भरताना १००० लिटरला १५० ग्रॅम ब्लीचिंग पावडर बादलीत कालवून, वरची निवळी ओता. सगळ्या तोट्या एकेक करून क्लोरीनचा वास येईपर्यंत उघडा आणि बंद करा, म्हणजे पाइपातही ते पाणी भरेल. किमान तीन तास तसंच राहू द्या. मग सगळं सोडून द्या आणि साध्या पाण्यानं धुवा. पावडर ताजी घ्या, उघडी राहिलेली निकामी होते.

गोदाकाठची (नांदेड)
रविवार, रात्री ८.२०

आणि दादा, पहिला पेला आईंना द्या.